बटाट्यातले प्रथिन आणि कमलाबाई

कमला सोहोनी या माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ.

मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी १९३३ मध्ये त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी थेट बेंगळुरू गाठून कारण विचारले. अखेर एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर असे काम केले, की रामन यांचेही मत पालटले आणि पुढच्या मुलींना ते दार उघडले.

नंतर केंब्रिज. प्राण्यांच्या पेशींत श्वसनासाठी राबणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन तोवर ठाऊक होते. वनस्पतींच्या पेशींतही ते असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

आज नवे प्रथिन सापडले की त्याचे काम काय, याचा अंदाज संगणक बांधतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये असे १०४ मणी आहेत. मण्यांचा क्रम आणि माळेची घडी ओळखीच्या प्रथिनांशी ताडून संगणक त्याचे कूळ सांगतो. नवा पाहुणा आला की आपणही आडनाव आणि गाव विचारून नाते लावतोच ना?

पण आपल्या हुबळी-धारवाडात कुलकर्णी, देशपांडे ऐकून मराठी समजावे, तर घरात कन्नड निघते! प्रथिनांतही तसेच. दुधातले लॅक्टाल्ब्युमिन आणि अश्रूंतले लायसोझाइम यांची घडी जवळजवळ एकच. पण पहिले दुधातली साखर तयार करायला मदत करते, तर दुसरे जंतूंचे कवच फोडते. म्हणून संगणकाचा अंदाज प्रयोगशाळेत पडताळावा लागतो. शिवाय ताडून पाहायला आधी कुणीतरी हाताने ओळख पटवलेली प्रथिने हवीत. ते काम कमलाबाईंच्या पिढीने केले.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचे पोषणमूल्य अभ्यासले, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळवला आणि त्याच संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेंगळुरूचे ते दार १९३३ मध्ये बंदच राहिले असते, तर नुकसान एकट्या कमलाबाईंचे झाले नसते. घरातली मुलगी आज विज्ञानाचा हट्ट धरते, तेव्हा हे आठवावे.