काचेआधी सावली

तीन वर्षांपूर्वी मी आमची पश्चिमेची गॅलरी काचा लावून बंद केली. खोली ऐसपैस झाली म्हणून बाबांचा पलंग तिथे हलवला. मे महिन्यात दुपारी चारनंतर तिथे बसवेना. जाड पडदे लावले, एसी घेतला, बिल वाढलं. बाबा मात्र हॉलमध्येच झोपू लागले. त्याच सुमारास चंदीगडचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं चरित्र हाती आलं आणि माझीच चूक त्यात भेटली.

त्यांचं खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म १८८७, स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या गावात. वडील तबकड्यांवर मीनाकाम करायचे. मुलगा पॅरिसला गेला आणि काचेच्या प्रेमात पडला. १९३३ मध्ये तिथे बेघरांसाठी त्यांची एक इमारत उभी राहिली: दक्षिणेला अख्खी काचेची भिंत, एकही खिडकी उघडणारी नाही. आत गारवा ठेवणारी यंत्रणा पैशाअभावी राहूनच गेली. उन्हाळ्यात माणसं उकडून निघाली. साहेब हट्टाला पेटले, पण शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्याच लागल्या. महायुद्धानंतर त्याच भिंतीपुढे ऊन अडवणाऱ्या पट्ट्याही आल्या.

पुढे त्यांनी ही सावली मनापासून स्वीकारली. अहमदाबादला गिरणीमालक संघाची १९५४ ची इमारत मी मुद्दाम पाहून आलो. पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या फळ्या. ऊन बाहेरच थांबतं, वारा आत येतो. चंदीगडलाही तेच धोरण. १९६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोहताना ते गेले.

मला समजलं ते एवढंच: ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर. दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, त्याला छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन खालून, तिरपं येतं. त्याला उभा आडोसाच हवा.

कमिटीच्या परवानगीने मी गॅलरीबाहेर बांबूची चिक लावली. दुपारी सोडायची, संध्याकाळी गुंडाळून काचा उघडायच्या. एसी आता रोज लागत नाही. बाबा आपल्या पलंगावर परतले आहेत.

यंदा इमारतीची दुरुस्ती निघते आहे. छज्जे काढून दर्शनी बाजू गुळगुळीत करावी, असं सभेत काहींनी सुचवलं. माझी हात जोडून विनंती आहे, पंचवीस वर्षं आपल्याला सावली देणारे ते छज्जे राहू द्या. एवढ्या मोठ्या माणसाला जी चूक सुधारावी लागली, ती आपण नव्याने कशाला करायची?