मेहली मेहता

मेहली मेहता (२५ सप्टेंबर, १९०८ : मुंबई, महाराष्ट्र - १९ ऑक्टोबर, २००२ : लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंद संचालक आणि संगीतशिक्षक होते. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे ते इंग्लंडमधील हॅले ऑर्केस्ट्रात साहाय्यक कॉन्सर्टमास्टर झाले. उत्तर-रोमँटिक काळातील सिम्फनींची या वाद्यवृंदाची अनेक महत्त्वाची ध्वनिमुद्रणे याच वर्षांतील आहेत. १९६४ पासून त्यांनी लॉस एंजेलस येथे अमेरिकन युथ सिम्फनी या तरुणांच्या वाद्यवृंदाचे तीन दशकांहून अधिक काळ नेतृत्व केले. विख्यात वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत.

सुरुवातीचे जीवन

मेहता यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्यांनी मुंबई विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. व्हायोलिनचे शिक्षण मात्र त्यांनी मुख्यतः स्वप्रयत्नाने मिळवले. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे काही शिक्षक होते आणि पियानो वा व्हायोलिनच्या परीक्षाही होत असत, परंतु व्यावसायिक वाद्यवृंदात वाजवण्याचे शिक्षण देणारी संस्था नव्हती. १९२९ मध्ये त्यांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची लायसेन्शिएट ही पात्रता संपादन केली. मुंबईत येऊन गेलेले थोर व्हायोलिनवादक यशा हायफेट्झ यांच्या वादनाचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला.

त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. त्यांना झुबिन (जन्म १९३६) आणि झरीन (जन्म १९३८) हे दोन पुत्र झाले.

मुंबईतील कार्य

१९३४ मध्ये वॉल्टर काउफमान हे कार्ल्सबाड येथे जन्मलेले ज्यू संगीतकार नाझी राजवटीच्या छायेतून बाहेर पडून मुंबईत आले. काउफमान यांनी प्राग येथे गुस्ताव्ह माहलर यांच्या संगीतावर प्रबंध लिहिला होता. त्यांनी मुंबईत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली आणि मेहता त्यात व्हायोलिन वाजवू लागले. काउफमान पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची सुपरिचित संकेतधून त्यांनी रचली असून तिच्यातील व्हायोलिन मेहता यांनी वाजवले असल्याचे सांगितले जाते.

१९३५ मध्ये मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पहिली दहा वर्षे ते त्याचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिन विभागाचे प्रमुख होते. त्यानंतर त्यांनी संचालकपद सांभाळले. १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हे चार तंतुवाद्यांचे पथक उभे केले. वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिस्ती वादक, पारशी हौशी कलावंत, युरोपातून आलेले निर्वासित आणि लष्करी व नौदलाच्या बँडमधील वादक एकत्र येत. गोमंतकीय वादकांपैकी अनेकांचा चरितार्थ चित्रपटांच्या पार्श्वसंगीतावर चाले. त्यामुळे तालमींच्या वेळा स्टुडिओतील कामाच्या वेळा पाहूनच ठरवाव्या लागत. वादकांची ही जुळवाजुळव प्रत्येक कार्यक्रमासाठी नव्याने करावी लागे.

ध्वनिमुद्रिका आणि सिम्फनी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळात ब्राम्स, ब्रुकनर, चायकोव्स्की, द्वोर्झाक, माहलर आणि एल्गार यांनी रचलेल्या सिम्फनींना उत्तर-रोमँटिक सिम्फनी म्हटले जाते. यांतील माहलर व ब्रुकनर यांच्या मोठ्या कृतींसाठी ऐंशी ते शंभर, काही वेळा त्याहूनही अधिक वादक लागतात. हॉर्न, ट्रॉम्बोन यांसारख्या पितळी वाद्यांचे कसलेले वादक तेव्हाच्या मुंबईत फारच थोडे होते. त्यामुळे अशा बऱ्याच कृती शहरातील श्रोत्यांना प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांवरच ऐकायला मिळत.

या ध्वनिमुद्रिका लाखेपासून बनवलेल्या आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या असत. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार ते पाच मिनिटांचे संगीत मावे. परिणामी एक सिम्फनी अनेक तबकड्यांच्या संचात विभागली जाई आणि दर काही मिनिटांनी संगीत थांबवून तबकडी उलटावी लागे. ब्रुनो वॉल्टर यांनी जानेवारी १९३८ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेले माहलर यांच्या नवव्या सिम्फनीचे प्रत्यक्ष मैफिलीतील ध्वनिमुद्रण वीस बाजूंवर प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि ज्यू असलेल्या वॉल्टर यांना त्या देशात परतणे अशक्य झाले. याच कारणाने हे ध्वनिमुद्रण ऐतिहासिक मानले जाते.

मेहता यांच्या घरी तालमी आणि ध्वनिमुद्रिका हे दोन्ही नित्याचे होते. झुबिन मेहता यांचे संगीतविषयक संस्कार याच वातावरणात घडले. मात्र तबकडीवरील वाद्यवृंद आणि समोरचा वाद्यवृंद यांतील अंतर मेहता यांना सतत जाणवत असे. १९४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कुटुंब मुंबईत ठेवून ते न्यू यॉर्कला गेले आणि इव्हान गॅलॅमियन यांच्याकडे व्हायोलिनचे पुढील शिक्षण घेतले. भारतात परतल्यानंतर त्यांनी वाद्यवृंदाचे काम पुढे नेले. परंतु १९४७ नंतर ब्रिटिश व युरोपीय वादक आणि श्रोते मोठ्या संख्येने देश सोडून गेले होते. पूर्णवेळ वाद्यवृंद चालवणे अधिकाधिक कठीण झाले.

हॅले ऑर्केस्ट्रा

१९५५ मध्ये मेहता मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात साहाय्यक कॉन्सर्टमास्टर म्हणून रुजू झाले. वीस वर्षे स्वतःच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केलेल्या कलावंताने वयाच्या सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत परक्या शहरात दुसऱ्याच्या हाताखाली वाजवणे स्वीकारले. १८५८ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद तेव्हा सर जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली होता. बार्बिरोली यांनी १९५४ मध्ये माहलर यांची नववी सिम्फनी प्रथमच हाती घेतली होती आणि पुढील वर्षांत त्यांच्या कार्यक्रमांत माहलर यांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

मेहता तेथे असतानाच हॅले ऑर्केस्ट्राने पाय या कंपनीसाठी मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रणे केली. एल्गार यांची पहिली सिम्फनी १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. चायकोव्स्की यांच्या शेवटच्या तीन आणि द्वोर्झाक यांच्या सातव्या, आठव्या व नवव्या सिम्फनी याच काळातील आहेत. तोपर्यंत दीर्घवादी तबकड्या रूढ झाल्या होत्या आणि स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा आरंभ होत होता. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत असल्याने सिम्फनीची संपूर्ण मुव्हमेंट आता खंड न पडता ऐकता येऊ लागली. या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर संचालक आणि वाद्यवृंद यांचीच नावे छापली जात. त्यामुळे मेहता यांच्यासारख्या वादकांचे योगदान सामान्य श्रोत्यांना अज्ञात राहिले.

अमेरिकेतील कार्य

१९५९ मध्ये मेहता अमेरिकेत गेले आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये सहभागी झाले. १९६४ मध्ये ते लॉस एंजेलसला स्थायिक झाले. झुबिन मेहता १९६२ पासून तेथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संगीत संचालक होते. मेहली मेहता यांनी १९७६ पर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस येथील शाखेत अध्यापन केले आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदांचे संचालन केले.

१९६४ मध्येच त्यांनी अमेरिकन युथ सिम्फनीची स्थापना केली. शिक्षण पूर्ण करत असलेल्या तरुण वादकांना व्यावसायिक वाद्यवृंदातील शिस्त आणि मोठ्या सिम्फनींचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, हा तिचा हेतू होता. तिचे कार्यक्रम विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये श्रोत्यांसाठी विनामूल्य होत असत. तेथे शिकलेले अनेक वादक पुढे अमेरिकेतील प्रमुख वाद्यवृंदांत गेले. जी संधी मेहता यांना तरुणपणी मुंबईत उपलब्ध नव्हती, तीच त्यांनी येथे इतरांना उपलब्ध करून दिली. १९९८ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या सुमारास, ते या पदावरून निवृत्त झाले.

वारसा

झुबिन मेहता यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेली ब्रुकनर यांच्या नवव्या (१९६५) आणि माहलर यांच्या दुसऱ्या सिम्फनीची (१९७५) ध्वनिमुद्रणे विशेष नावाजली गेली. झरीन मेहता यांनी वाद्यवृंदांच्या व्यवस्थापनाचे क्षेत्र निवडले आणि ते न्यू यॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख व्यवस्थापक झाले.

१९९५ मध्ये मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन स्थापन झाले. ही संस्था पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफिली आयोजित करते आणि मुलांना संगीतशिक्षण देते. मेहता यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २००८ मध्ये झुबिन मेहता यांनी इस्रायल फिलहार्मोनिकसह मुंबईत कार्यक्रम सादर केले. दरम्यान २००६ मध्ये नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद सुरू झाला होता. बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या स्थापनेनंतर ७१ वर्षांनी आणि मेहता यांच्या निधनानंतर चार वर्षांनी ही घटना घडली.