एलिझाबेथ फ्राय यांची रोजनिशी

इंग्लंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या स्त्रियांची कैवारी म्हणून एलिझाबेथ फ्राय या बाईंचे नाव पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. त्यांच्या तुरुंगातील कार्याबद्दल सगळेच सांगतात. त्या कार्याआधी कितीतरी वर्षे त्यांच्या हाती एक वही होती, तिची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

बाईंचा जन्म २१ मे १७८० रोजी नॉरविच शहरी गर्नी या सधन घराण्यात झाला. घरी सगळे त्यांना बेट्सी म्हणत. घराणे क्वेकर पंथाचे. या ख्रिस्ती पंथात डामडौल वर्ज्य आणि प्रार्थनाही मौन बसून करायची. पण गर्नींच्या मुली रंगीत कपड्यांच्या व नाचगाण्याच्या हौशी. बेट्सी बारा वर्षांची असताना आई वारली. ती अभ्यासात मागे, अंधाराला भिणारी, आणि शुद्धलेखन तर तिचे जन्मभर कच्चेच राहिले. आपल्याला कुठे लिहिता येते, असे म्हणणाऱ्या मैत्रिणींनी एवढे ध्यानात ठेवावे.

सतराव्या वर्षी, १७९७ साली, तिने रोजनिशी लिहायला घेतली. आपणही वही ठेवतो, पण ती दुधाच्या आणि वाण्याच्या हिशेबाची. बेट्सीची वही मनाच्या हिशेबाची. आज काय केले एवढे लिहून ती थांबत नसे. केले ते आपल्याला पटणारे होते का, हेही ती स्वतःला विचारी. भावंडांवर चिडलो, मिरवावेसे वाटले, दिवस वाया गेला, सारे त्यात येई.

फेब्रुवारी १७९८ मध्ये विल्यम सॅव्हरी नावाचे अमेरिकन क्वेकर उपदेशक नॉरविचला आले. बेट्सी जांभळे बूट आणि त्यांना लाल नाड्या अशा थाटात सभेला बसली होती. व्याख्यान ऐकून घरी जाताना तिला रडू आवरेना. तरी तिने एका रात्रीत काही सोडले नाही, हे मला विशेष वाटते. ती लंडनला गेली, नाटके पाहिली, नाच पाहिले आणि त्यांनी मनाला काय होते ते वहीत टिपले. मग एकेक हौस आपणहून कमी केली. गावातील गरीब मुले जमवून ती त्यांना शिकवू लागली. ती मुले सत्तरावर गेली.

१८०० साली जोसेफ फ्राय यांच्याशी लग्न होऊन त्या लंडनला आल्या. पुढे अकरा मुले झाली. घरी पाहुण्यांचा राबता, बाळंतपणे, आजारपणे. १८१२ सालच्या वहीत त्यांनी खेदाने लिहिले आहे की आपले आयुष्य काही उपयोगाविना सरून चालले आहे. भरल्या घरातल्या बाईने असे लिहावे, हे बाहेरच्यांना नवल वाटेल. आपल्याला वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी न्यूगेट तुरुंगात स्त्रियांचे किती हाल आहेत ते त्यांच्या कानी आले. बाईंनी लहान मुलांसाठी गरम कपडे जमवले आणि त्या आत गेल्या. स्त्रिया व मुले मिळून सुमारे तीनशे जीव कोंडलेले, कित्येकांच्या खाली अंथरूणही नाही. पण या पहिल्या भेटींनंतर जवळजवळ चार वर्षे जाणे जमले नाही. मुले लहान होती. मधल्या काळात एक लहान मुलगी दगावली. १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा गेल्या आणि मग ते काम सोडले नाही. १८१७ साली बारा बायकांची समिती केली. कैदी स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा काढली, तिची शिक्षिका कैदी स्त्रियांनीच आपल्यातून निवडली. शिवणकाम आणि विणकाम दिले. प्रत्येक नियम वाचून दाखवून हात वर करवून मान्य करून घेतला. १८१८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे बाईंची साक्ष झाली.

नाव झाले तशी वही जास्तच कडक झाली. लोकांच्या स्तुतीने आपण फुगतो आहोत का, हे त्या पुन्हा पुन्हा तपासत. घर टाकून बाहेर फिरते असा बोलही लागला. थोरली काही मुले नातेवाइकांकडे वाढत होती, त्याची टोचणी वहीत आहे. त्या मुलांना काय वाटले असेल, हा प्रश्न मलाही सुटत नाही. वहीने तो सोडवला नाही, पण झाकूनही ठेवला नाही.

१८१८ सालीच हॅरिएट स्केल्टन या स्त्रीला बँक ऑफ इंग्लंडच्या खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशी झाली. बाईंनी गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्यापर्यंत रदबदली केली. ते उलट रागावले आणि फाशी टळली नाही. अपमान आणि दुःख दोन्ही घेऊन त्या घरी आल्या आणि दुसऱ्या कैदी स्त्रियांसाठी परत न्यूगेटला जात राहिल्या. त्याच बँकेने पुढे २००२ साली पाच पौंडांच्या नोटेवर बाईंचे चित्र छापले. ती नोट २०१७ पर्यंत चालली.

१८२८ साली पतीची पेढी बुडाली, मोठे घर सोडावे लागले. वही चालूच होती. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे बाईंचे निधन झाले. दोन मुलींनी त्या वह्यांतील निवडक भाग घेऊन १८४७ साली आईचे चरित्र दोन खंडांत छापले. त्यात न्यूगेट आहे, आणि मुलांची दुखणी व घरची काळजीही आहे.