आसरांचा शोध घेणारा गणिती

नदीचा डोह, विहीर किंवा तळे यांच्या काठी शेंदूर फासलेले सात तांदळे मांडलेले दिसले, की त्या साती आसरा हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. जर्मनीच्या नद्यांत निक्स आणि स्वीडनच्या ओढ्यांत नेकन माणसाला भुलवून पाण्यात ओढतात, तशीच आसरांचीही धास्ती. अंधश्रद्धा म्हणून सुशिक्षितांनी दुर्लक्षिलेल्या या जलदेवतांना इतिहासाचा पुरावा मानले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातील कोसबे येथे. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते परतले. बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकवले. १९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. राहणे मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने मुलुंड, घाटकोपर मागे टाकत त्यांची ये-जा चाले.

ही गाडी ज्या मावळातून धावे, तोच त्यांच्या अभ्यासाचा प्रदेश ठरला. सुटीच्या दिवशी काठी घेऊन ते डोंगर तुडवीत, गुराख्यांशी आणि गावकऱ्यांशी बोलत. तेथे मावलाया या नावाने पुजल्या जाणाऱ्या जलदेवतांवरूनच मावळ हे नाव आले असावे, असे त्यांनी मांडले. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखात या प्रदेशाचा मामाल असा उल्लेख आहे. म्हणजे ही दैवते किमान दोन हजार वर्षे जुनी ठरतात.

आसरा हे अप्सरेचेच लोकरूप. उर्वशी आणि पुरूरवा यांच्या कथेवरील निबंधात कोसंबींनी तिच्यातील प्रेमकहाणीचा पडदा बाजूला सारला. शतपथ ब्राह्मणातील उर्वशी सख्यांसह जलपक्ष्यांच्या रूपात तळ्यात विहरते. तिच्यात त्यांना प्राचीन मातृदेवता दिसली आणि पुरूरव्यात तिला बळी जाणारा पुरुष. मोहेंजोदडोचे महास्नानगृहही अशाच पुष्करिणीच्या परंपरेतले असावे, असा त्यांचा तर्क होता. हे सारे निष्कर्ष सर्वांना मान्य झाले नाहीत.

अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरणाऱ्या कोसंबींचा संस्थेतील करार १९६२ मध्ये पुढे वाढवला गेला नाही. त्याच वर्षी हे संशोधन सामावणारा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५८ होते.

डोहाकाठी ओटी भरणाऱ्या बायका त्यांचे नाव जाणत नाहीत. त्यांच्या त्या ओटीत किती शतके बांधलेली आहेत, हे मात्र अभ्यासकांना कोसंबींनी दाखवून दिले.