संगणकाला भाषा शिकवणारी अ‍ॅडमिरल

बोस्टनच्या बंदरात १४ ऑगस्ट १९८६ रोजी ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या १७९७ साली पाण्यात उतरलेल्या युद्धनौकेवर एक निवृत्ती समारंभ पार पडला. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याचे वय होते ७९. अमेरिकी सेनादलांच्या सक्रिय सेवेतील त्या वेळच्या सर्वांत वयोवृद्ध अधिकारी असलेल्या या कृश अंगकाठीच्या महिलेचे नाव रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर. त्यांची कामगिरी समुद्रावरची नव्हती. आजवर असेच चालत आले म्हणून पुढेही असेच चालणार, या वृत्तीशी त्यांनी जन्मभर झुंज दिली आणि त्या झुंजीतूनच संगणकाला माणसाच्या भाषेच्या जवळ आणले.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहण्यासाठी सात वर्षांच्या ग्रेसने घरातील सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेवल्याची आठवण त्या पुढे सांगत. व्हॅसार महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दरम्यान व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता आणि व्हॅसारमध्ये त्या गणित शिकवू लागल्या होत्या. मात्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि हे स्थिर आयुष्य पालटले. त्यांचे पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. ग्रेस यांनीही नौदलाचे दार ठोठावले, पण वय जास्त आणि वजन कमी भरले. अखेर खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

नेमणूक झाली ती हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या ‘मार्क १’ या यंत्रावर. सुमारे ५१ फूट लांबीचे आणि पाच टन वजनाचे हे धूड नौदलासाठी आकडेमोड करी. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर छिद्रे पाडून. प्रत्येक छिद्राला अर्थ असे आणि एक छिद्र चुकले तरी सारे उत्तर चुके. पुढच्या ‘मार्क २’ यंत्रातील एका रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक मेलेले पाखरू सापडले. ते कामाच्या नोंदवहीत चिकटवण्यात आले. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याआधीच रूढ होती आणि ते पाखरू शोधणाऱ्याही हॉपर नव्हत्या. पण त्यांनी हा किस्सा इतक्या ठिकाणी रंगवून सांगितला, की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉक्ली कंपनीत रुजू झाल्या. तेथील एका यंत्रासाठी त्यांना आठ अंकांवर आधारित गणनपद्धती अंगवळणी पाडावी लागली. या पद्धतीत ७ नंतर थेट १० येतात. परिणामी बँकेच्या खात्याचा हिशेबच जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने छडा लावला, तेव्हा काही वजाबाक्या आठाच्या पद्धतीने झाल्याचे उघड झाले. माणसाने यंत्रासारखा विचार करण्यापेक्षा यंत्रालाच माणसाचे बोलणे का समजू नये, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला.

वर्गमूळ काढण्यासारख्या नेहमीच्या कामांच्या तयार आज्ञा प्रोग्रॅमर मंडळी वह्यांत लिहून ठेवत आणि गरजेप्रमाणे उतरवून घेत. उतरवताना हमखास चुका होत. हॉपर यांनी या तपासलेल्या आज्ञा चुंबकीय फितीवर साठवल्या आणि प्रत्येक संचाला क्रमांक दिला. क्रमांक सांगितला की यंत्राने तो संच शोधायचा, योग्य जागी बसवायचा आणि पूर्ण प्रोग्रॅम स्वतः तयार करायचा. १९५२ मधील या ‘ए-०’ला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटले. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम हा या शब्दाचा आजचा अर्थ. त्या मोजमापाने ‘ए-०’ प्राथमिकच होता. तरीही अनेकांना तो पटेना. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असेच त्यांना ऐकवले गेले.

पुढची मजल म्हणजे इंग्रजी शब्दांत आज्ञा देणे. हा विचार पटवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राच्या दृष्टीने सर्व शब्द म्हणजे केवळ खुणा, हा मुद्दा होता. पण अमेरिकी संगणकाला परकी भाषा कशी येईल, या शंकेने वरिष्ठच बिथरले, असे त्या सांगत. अखेर इंग्रजी शब्दांची ‘फ्लो-मॅटिक’ भाषा साकारली. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमधील बैठकीतून व्यवसायांसाठी एक सामाईक भाषा घडवण्याचे काम सुरू झाले. तिचे नाव ‘कोबोल’. ती घडवली समितीने, पण तिच्यावर सर्वांत मोठा ठसा होता ‘फ्लो-मॅटिक’चा. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम चालला. यंत्र बदलले की सारे नव्याने लिहायचे, ही सक्ती संपण्याची ती सुरुवात होती.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. मधला थोडा काळ वगळता ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले. १९६९ मध्ये संगणक क्षेत्रातील एका संघटनेने त्यांना सन्मानित केले, तेही ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून! व्याख्यानांत त्या फूटभराहून किंचित आखूड तारा वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर कापतो, तेवढी त्या तारेची लांबी. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट्या दिशेने फिरत. वेळ मात्र बरोबर दाखवत.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर आठ वर्षांनी जगाने श्वास रोखून घड्याळाकडे पाहिले. पूर्वी संगणकाची स्मृती महाग असल्याने वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवत. स्मृती स्वस्त झाली तरी सवय सुटली नाही. त्यामुळे २००० साल आणि १९०० साल यांतील फरक संगणकाला कळेना. लक्षावधी ओळींचे जुने कोबोल प्रोग्रॅम तपासण्याचे काम भारतीय कंपन्यांकडे आले आणि मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांना पहिली परदेशवारी घडली ती या दुरुस्तीमुळे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या संकटात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची हाक द्यावी लागली.

१९९७ पासून ‘यूएसएस हॉपर’ ही विनाशिका त्यांचे नाव मिरवू लागली. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ने गौरवण्यात आले. हे सन्मान उचितच. मात्र जुन्या चाकोरीशी झगडून त्यांनी जी भाषा उभी करण्यास हातभार लावला, तीच कालांतराने अनेक कार्यालयांची चाकोरी बनली. हॉपर हयात असत्या, तर त्या भाषेलाही त्यांनी खोलून पाहिले असते, लहानपणी घड्याळे खोलली तशीच.