जॉन मार्शल
जॉन मार्शल यांचा जन्म १७५५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे झाला. १५ भावंडांत ते थोरले. तरुणपणी ते स्वातंत्र्ययुद्धात लढले. १८०१ साली ते सरन्यायाधीश झाले. त्या वेळी कायदे करणारी काँग्रेस आणि कारभार पाहणारे राष्ट्राध्यक्ष यांच्यापुढे न्यायालय दुबळे होते. त्याला स्वतःची इमारतही नव्हती! १८०३ साली मार्शल यांनी काँग्रेसच्या कायद्यातील एक कलम राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. गंमत अशी, की ते कलम न्यायालयालाच जादा अधिकार देणारे होते. मेरीलँड राज्याने राष्ट्रीय बँकेवर कर बसवला, तोही त्यांनी १८१९ साली रद्द केला. १८३५ साली त्यांचे निधन झाले. न्यायालयाला स्वतःची इमारत १९३५ साली मिळाली.