योगी आणि प्रयोगशाळा

आजारी पडलेला माणूस प्रथम वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जातो आणि औषधाने गुण आला नाही, की देवाकडे, मठाकडे, एखाद्या साधुपुरुषाकडे वळतो. आपल्या देशात ही रीत फार जुनी आहे. साधूच्या सहवासात, त्याने सांगितलेल्या साधनेने काहींना खरोखर बरे वाटते, हेही नाकारता येत नाही. परंतु हा गुण नेमका कशाने आला, मनाचा शरीरावर परिणाम कोणत्या मार्गाने झाला, असे विचारणारे विरळाच. श्रद्धावानाला तो प्रश्न पाखंडाचा वाटतो, तर नवशिक्षिताला तो विचारण्याच्या योग्यतेचाच वाटत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर संस्कृतच्या एका मराठी अभ्यासकाने हा प्रश्न मनावर घेतला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी योग्याच्या आश्रमातून थेट रुग्णालयाच्या क्ष-किरण कक्षाची वाट धरली. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे देश त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला.

जगन्नाथांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मात्र बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयातील मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळचे बडोदे म्हणजे विद्या, कला आणि मल्लविद्या यांचे माहेरघर. अरविंद घोष त्याच महाविद्यालयात शिकवत होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटली होती. जगन्नाथही त्यातलेच एक. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला.

बडोद्यात त्यांना राजरत्न माणिकराव हे गुरू लाभले. जुम्मादादा व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. शरीराकडे दुर्लक्ष करून मनाची उन्नती साधता येत नाही, ही त्यांची धारणा तालमीच्या मातीत पक्की झाली. नंतर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्यात रमले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. (याच अमळनेरात दुसऱ्याच वर्षी साने गुरुजी शिक्षक म्हणून रुजू झाले. दोघांची वर्षे जुळली असती, तर त्या गावाच्या इतिहासात आणखी एका प्रकरणाची भर पडली असती.)

गुणे यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९१९ साली. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी राहत होते. मूळचे बंगालचे माधवदासजी हठयोगात पारंगत होते. आपल्याकडे येणाऱ्या आजारी माणसांनाही ते योगाच्या क्रिया शिकवीत. गुणे यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. साधना करीत असता शरीरात आणि मनात होणारे बदल त्यांना स्वतःलाच जाणवू लागले. येथे दुसरा एखादा शिष्य समाधान मानून गप्प बसला असता. गुरूने सांगितले, आपल्याला अनुभव आला, मग आणखी काय हवे? पण गुणे श्रद्धाळू असले तरी बुद्धिवादीही होते. आपला अनुभव खरा असेल, तर तो मोजता आला पाहिजे, आणि मोजता आला तर इतरांनाही पटवून देता आला पाहिजे, असे त्यांना वाटत होते. यात धोकाही होता. ज्या क्रिया गुरूने गुप्त आणि पवित्र मानून जपल्या, त्या यंत्रासमोर मांडायच्या आणि यंत्राने विरुद्ध कौल दिला तर तो निमूटपणे स्वीकारायचा. परंपरेत वाढलेल्या शिष्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

१९२०-२१ च्या सुमारास आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात पहिले प्रयोग केले. उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रिया चाललेल्या असताना शरीराच्या आत काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहण्यात आले. यांपैकी नौलीचा प्रयोग विस्ताराने समजून घेण्यासारखा आहे. हठयोगात बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. हे कसे घडते? परंपरेचे उत्तर असे, की योगी अपान वायूवर ताबा मिळवून पाणी वर ओढून घेतो. गुणे यांनी आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. नौली करताना पोटाचे मधले स्नायू पुढे येतात, पोटाची पोकळी वाढते आणि आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. मग बाहेरील हवेचा दाबच पाण्याला आत ढकलतो. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला, की नळीत पाणी शिरते. तोच हा नियम. अलौकिक शक्तीचे कारण मागे पडले. क्रिया मात्र खरी ठरली. या ऋण दाबाला त्यांनी माधवदास निर्वात असे नाव दिले. गुरूची शिकवण यंत्राने तपासणाऱ्या शिष्याने आपल्या पहिल्या महत्त्वाच्या शोधाला गुरूचेच नाव द्यावे, यातून त्यांच्या मनाची ठेवण कळते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. संस्थेत एकीकडे साधना होती, दुसरीकडे प्रयोगशाळा होती आणि तिसरीकडे रुग्णांवर उपचार होते. याच वेळी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. त्याच्या पानांवर आसनांची छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे आणि आकड्यांचे तक्ते शेजारी शेजारी छापलेले असत. १९२६ मध्ये सर्वांगासन, मत्स्यासन आणि शीर्षासन यांत रक्तदाब किती बदलतो, यासंबंधीचे प्रयोग त्यात प्रसिद्ध झाले. डोके खाली आणि पाय वर केल्यावर रक्तदाब धोकादायक रीतीने वाढत असेल, अशी शंका घेतली जात असे. निरोगी साधकांच्या बाबतीत वाढ अल्प असल्याचे त्यांना आढळले. तरीही आसने सरसकट सर्वांना हितकर आहेत, असे त्यांनी कधी म्हटले नाही. कोणत्या विकारात कोणते आसन वर्ज्य करावे, याच्या सूचना त्यांच्या पुस्तकांत दिलेल्या असत.

प्राणायामाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष तर अनेकांना धक्का देणारा होता. ऑक्सिजनला मराठीत प्राणवायू म्हणतात. त्यामुळे प्राणायाम केला म्हणजे शरीरात भरपूर प्राणवायू भरला जातो, अशी समजूत सहजच रुजली. वास्तविक योगग्रंथांतला प्राण आणि हवेतला प्राणवायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ शब्दाच्या सारखेपणामुळे त्यांची गल्लत होते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वसनातही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यामुळे अधिक खोल श्वास घेऊन फारशी भर पडत नाही. कुवलयानंदांनी प्रयोगाअंती सांगितले, की प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, तर मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे. श्वास ही एक विलक्षण क्रिया आहे. हृदयाचे ठोके वा आतड्यांची हालचाल सहसा आपल्या इच्छेने चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही आवरता येतो. म्हणून श्वास हा मन आणि शरीर यांच्यामधील उंबरठा आहे. राग आला की श्वास जलद होतो, भीती वाटली की अडखळतो, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. उलट, श्वास संथ केला की हृदयाची गती उतरते आणि चित्तही निवते. पतंजलींनी चित्ताच्या विक्षेपासोबत दुःख, मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि श्वासाची अनियमितता यांचा एकत्र उल्लेख केला आहे. ज्या सूत्राची आजवर केवळ पारायणे होत, त्यात कुवलयानंदांना रोगाचे निदान दिसले.

मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना महात्मा गांधींची प्रकृती एकाएकी बिघडली. रक्तदाब फार वाढला होता. विश्रांतीसाठी ते म्हैसूर संस्थानातील नंदी डोंगरावर राहिले. त्या काळात कुवलयानंद आणि गांधीजी यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली गांधीजींनी काही योगक्रिया करून पाहिल्या. गांधीजी हे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हौस असलेले रुग्ण आणि कुवलयानंद हे प्रत्येक गोष्ट मोजू पाहणारे उपचारक. त्यामुळे पत्रांत आसनांच्या बरोबरीने रक्तदाबाचीही चर्चा असे.

लोणावळ्याची कीर्ती परदेशात पोहोचली. मूळचे केरळचे आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे के. टी. बेहनन १९३२ च्या सुमारास कैवल्यधामात येऊन राहिले. त्यांनी स्वतः साधना केली आणि स्वतःवरच चाचण्या घेतल्या. प्राणायामानंतर लगेच गणिते सोडवायला बसले, तर वेग थोडा मंदावतो, असे त्यांना दिसले. म्हणजे प्राणायामाने बुद्धी तत्काळ तीक्ष्ण होते, हा दावा टिकला नाही. पण दीर्घकाळ साधना करणाऱ्यांच्या भावना अधिक स्थिर असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. १९३७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या संस्थेत राहून गेलेल्या अभ्यासकाने अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही प्रकारचे निष्कर्ष मांडावेत, हे त्या संस्थेला भूषणावहच होते.

योगी हृदय थांबवू शकतो, ही समजूत तर सर्वांत अधिक पसरलेली. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतून नोंदणीयंत्रे घेऊन भारतात आले. कैवल्यधामातील साधकांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, त्यांनी प्रख्यात योगाचार्य तिरुमलाई कृष्णमाचार्य यांचीही तपासणी केली. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या आचार्यांसंबंधी १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर बाईंनी घेतलेल्या नोंदींची मोठी चर्चा झाली होती. नव्या यंत्रांनी वेगळेच चित्र दाखवले. श्वास रोखून छाती आणि पोट यांचे स्नायू घट्ट आवळले, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. नाडी हाताला लागेनाशी होते, ठोके ऐकू येत नाहीत. पण हृदयाची विद्युत्क्रिया चालूच असते. हृदय थांबत नाही; त्याची हाक फक्त बाहेर पोहोचत नाही. चमत्कार येथेही ओसरला, तरी श्वास आणि स्नायू यांच्या द्वारे रक्ताभिसरणावर एवढा परिणाम घडवता येतो, ही गोष्ट काही लहान नाही.

दरम्यान कार्याचा विस्तार होत गेला. मुंबईत चौपाटीजवळ १९३६ पासून कैवल्यधामाचे आरोग्य केंद्र समुद्रकाठच्या वास्तूत चालू लागले. लोणावळ्यास योगशिक्षक घडवणारे महाविद्यालय निघाले. या साऱ्या व्यापात कुवलयानंदांचे लक्ष पुन्हा पुन्हा रुग्णाकडे वळत असे. १९६३ मध्ये त्यांनी आणि डॉ. एस. एल. विनेकर यांनी मिळून योगोपचारावर लिहिलेला ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यात उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत : मनोवृत्ती योग्य करणे, आसन-प्राणायामादी क्रियांनी स्नायू, मज्जा आणि ग्रंथी यांना नवे वळण लावणे, आणि आहार व मलशुद्धी यांकडे लक्ष पुरवणे. मनोवृत्तीला त्यांनी पहिले स्थान दिले, हे विशेष. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सज्जनाचा आनंद आणि दुर्जनाची उपेक्षा हा पतंजलींचा उपदेश एरवी नीतीचा पाठ म्हणून वाचला जातो. या लेखकांनी तो औषधाच्या बरोबरीने मांडला. मत्सराने जळणाऱ्या माणसाला नुसत्या सर्वांगासनाने कितीसा गुण येणार?

आजच्या शास्त्रीय कसोटीवर पाहता कुवलयानंदांच्या प्रयोगांत काही उणिवा दिसतात. प्रयोगात सहभागी होणाऱ्यांची संख्या थोडी असे. क्रिया करणाऱ्यांची क्रिया न करणाऱ्यांशी काटेकोर तुलना क्वचितच होई. आत्मिक अनुभवाचे मूळ यंत्राने कधी तरी उलगडेल, ही त्यांची आशाही पूर्ण झाली नाही. दाब, श्वास, ठोके मोजता आले. समाधीचा आनंद मोजता आला नाही. पण ज्या काळात रोगी साधूच्या पायाशी जाऊन अंगारा मागत होता आणि डॉक्टर त्या साधूला भोंदू ठरवून मोकळा होत होता, त्या काळात ते दोघांनाही एकाच खोलीत घेऊन आले.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे देहावसान झाले. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजींनी सांभाळली. हवाबंद खड्ड्यात योगी किती काळ राहू शकतो आणि त्या वेळी त्याच्या शरीरात काय घडते, या जुन्या प्रश्नावर डॉ. विनेकर आणि त्यांचे सहकारी लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत पुढेही नोंदी घेत राहिले.